ट्यूब फ्लाय: नळी, गळ आणि मधला जोड

ट्यूब फ्लाय, म्हणजे सॅमन मासा पकडायला नळीवर बांधलेलं नकली आमिष, हातात घेतली की पहिल्यांदा लक्षात येतं ते म्हणजे तिला गळच नाही. पोकळ नळीचा बोटभर तुकडा, त्यावर बांधलेले केस, थोडी जरीची तार, एवढंच. लीडर, म्हणजे मासेमारीच्या जाड दोरीच्या (लाइनच्या) टोकाचा बारीक दोरा, नळीच्या पुढच्या तोंडातून आत घालायचा, मागून बाहेर काढायचा आणि त्याच्या टोकाला गळ बांधायचा. मणी ओवावा तशी ही फ्लाय दोऱ्यावर ओवली जाते. सॅमन लागला की नळी लीडरवरून वर सरकते, माशाच्या जबड्यात राहतो तो फक्त छोटा गळ.

सगळं गणित या सरकण्यात आहे. जुन्या पद्धतीच्या मोठ्या सॅमन फ्लायला दोन-अडीच इंच लांब दांडीचा लोखंडी गळ असायचा. सॅमन पाण्यात डोकं झटकतो तेव्हा ती लांब दांडी पहारीसारखी काम करते. टोक जबड्यात रुतलेलं आणि दुसऱ्या टोकाला ओढ, त्यामुळे भोक रुंदावत जातं आणि गळ सुटतो. ट्यूबमध्ये फ्लाय तीन इंचांची असली तरी गळ आखूडच राहतो, त्यामुळे माशाला उलट जोर लावायला काही सापडत नाही. शिवाय गळाचं टोक बोथट झालं तर फक्त गळ बदलायचा, तासभर बसून बांधलेली फ्लाय टाकून द्यावी लागत नाही.

ही कल्पना स्कॉटलंडची. १९४५ च्या सुमारास ॲबर्डीनच्या चार्ल्स प्लेफेअर कंपनीत पिसांच्या पोकळ देठांवर अशा फ्लाय बांधल्या जाऊ लागल्या, मग प्लास्टिक आलं, मग धातू. आज स्कॉटलंड, नॉर्वे, स्वीडन आणि आइसलंडच्या सॅमन नद्यांवर ट्यूब नसलेली फ्लायची पेटी सहसा दिसायची नाही.

नळी कशाची घ्यायची

प्लास्टिक, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, टंगस्टन, असा वाढत्या वजनाचा क्रम आहे. घनता पाहिली की फरक लगेच कळतो: ॲल्युमिनियम २.७, पितळ साधारण ८.५, तांबं जवळपास ९ आणि टंगस्टन १९.३. म्हणजे त्याच लांबीची, त्याच जाडीची तांब्याची नळी ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड.

नवीन माणूस हमखास जड नळीकडे वळतो. मासा तळाशी आहे ना, मग जड फ्लाय टाकू, असा सरळ विचार असतो. माझं मत उलट आहे: खोली लाइनने मिळवावी आणि फ्लाय शक्य तितकी हलकी ठेवावी. सेकंदाला तीन इंच बुडणारी लाइन आणि चार फुटांचा आखूड लीडर असला की प्लास्टिकची ट्यूबसुद्धा हवी तेवढी खाली जाते आणि तिथे जिवंत हलते. तांब्याची दोन इंची नळी तळाशी लवकर पोचते खरी, पण प्रवाहात तिची शेपटी खाली लोंबते, केस हलत नाहीत आणि दर दोन फेकींमागे ती दगडात अडकते. जड नळी राखून ठेवावी ती अरुंद, खोल, वेगवान डोहासाठी, जिथे लाइनला बुडायला वेळच मिळत नाही.

धातूच्या नळीबाबत एक गोष्ट टाळता येणार नाही. तिच्या आत प्लास्टिकचं बारीक अस्तर हवंच. धातूची कापलेली कड लीडर कुरतडते, आणि वीस पौंडी नायलॉन मासा लागल्यावर पटकन तुटतं. पुढच्या बाजूने अस्तर एक-दोन मिलिमीटर बाहेर ठेवून त्याचं तोंड आचेने थोडं फुलवावं. मागच्या बाजूने चार-पाच मिलिमीटर बाहेर ठेवावं, कारण जोडनळी, म्हणजे गळ धरून ठेवणारी मऊ नळी, त्यावर बसते. मागच्या टोकाला खाच असलेल्या बाटलीच्या आकाराच्या नळ्याही मिळतात. त्यांत जोडनळी त्या खाचेवर थेट बसते, आतलं अस्तर मात्र तिथेही हवंच.

सरावासाठी विकतच्या नळ्या लागत नाहीत. संपलेल्या बॉलपेनची रिफिल साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. ती कापून स्पिरिटने शाई नीट धुतली की काम भागतं. पूर्वी कानाच्या बड्सची प्लास्टिकची काडी सर्रास वापरत, पण स्कॉटलंडमध्ये २०१९ पासून आणि भारतात १ जुलै २०२२ पासून तसल्या बड्सवर बंदी आहे, आणि कागदी काडीचा इथे काही उपयोग नाही.

जोड

ट्यूब फ्लायच्या बहुतेक तक्रारी शेवटी या अर्ध्या इंचात येऊन थांबतात. नळी आणि गळ यांच्या मध्ये सिलिकॉनच्या मऊ नळीचा बारा मिलिमीटरचा तुकडा असतो. त्यातला पाच मिलिमीटर भाग फ्लायच्या मागच्या टोकावर चढवायचा आणि उरलेल्या सात मिलिमीटरमध्ये गळाचा डोळा (दोरा ओवायचं भोक) व त्यावरची गाठ ओढून बसवायची. फेकताना गळ सरळ रेषेत राहावा आणि मासा लागल्यावर तो आपोआप सुटावा, अशी दोन कामं त्या तुकड्याकडून करून घ्यायची असतात.

जोड सैल असला तर फेकीच्या झटक्यात गळ बाहेर येतो, तिरका लोंबकळतो, आणि मग एकतर लीडरला अडकतो किंवा फ्लायच्या केसांत गुंततो. अशी फ्लाय पाण्यात उलटी ओढली जाते. अर्धा तास तिच्याकडे मासा फिरकत नाही आणि आपल्याला वाटतं नदीत मासाच नाही. जोड घट्ट असला तर उलटी भानगड: मासा लागतो, पण नळी गळापासून सुटत नाही, आणि ज्या लांब दांडीपासून पळायला ट्यूब घेतली तीच पुन्हा तयार होते.

तपासायची सोपी रीत आहे. फ्लाय डाव्या हातात धरून दोन-तीन वेळा जोरात झटकावी, गळ जागचा हलता कामा नये. मग गळ दोन बोटांनी पकडून हलकेच ओढावा, तो फारशी झटापट न करता बाहेर यायला हवा. दोन्ही जमलं तरच फ्लाय पाण्यात जाऊ द्यावी.

सिलिकॉनऐवजी पीव्हीसीची नळी वापरली तर घरात छान बसते, पण चार अंशांच्या पाण्यात कडक होते आणि गळ सोडत नाही. मत्स्यालयाच्या पंपाची नळी आतून चार मिलिमीटर असते, तीन मिलिमीटरच्या ट्यूबवर ती घसरतेच. जोडनळी वापरून टाकायची वस्तू समजावी. पिवळी पडली, तोंडाशी चीर दिसली की फेकून द्यावी. खिशात दहा-बारा तुकडे कापलेले असलेच पाहिजेत.

गळ आखूड दांडीचा आणि सरळ डोळ्याचा हवा. डोळा वर किंवा खाली वाकलेला असेल तर तो नळीत तिरका बसतो आणि फ्लाय गोल फिरू लागते, तिच्यासोबत लीडरला पीळ पडतो. दीड इंची प्लास्टिकच्या ट्यूबला आठ नंबरचा दुहेरी गळ पुरतो. त्याहून मोठा घेतला की शेपटी जड होऊन फ्लाय तोंड वर करून तरंगते. तिहेरी गळ पूर्वी सगळीकडे चालत. आता अनेक नद्यांवर एकेरी किंवा दुहेरी, तोही उलट्या काट्याशिवायचा, एवढीच परवानगी असते, तेव्हा परवाना घेतानाच विचारून घ्यावं. उलटा काटा असलेला गळ जवळ असेल तर तो काटा पक्कडीने दाबून सपाट करता येतो. मासा परत सोडायचा असेल तर हे नियम नसतानाही करावं. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलच्या आधी पकडलेला सॅमन नदीत सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पुढेही बऱ्याच नद्यांवर सोडावाच लागतो.

गाठ पाच वेढ्यांची साधी क्लिंच चालेल, पण ओली करून आवळलेली आणि छोटी हवी. गाठीचं उरलेलं टोक एक मिलिमीटरपर्यंत कापावं. ते लांब राहिलं तर जोडनळीत गाठ शिरताना टोक दुमडतं आणि गळ वाकडा बसतो.

एक विली गन बांधू

उत्तर स्कॉटलंडच्या सदरलंडमधल्या ब्रोरा नदीची राखण करणाऱ्या विली गन यांच्या नावाने ही फ्लाय ओळखली जाते. काळे, पिवळे आणि नारिंगी केस, काळं अंग, त्यावर सोनेरी तार. गढूळसर, चहाच्या रंगाच्या स्कॉटिश पाण्यात हे तीन रंग फार चांगले दिसतात. शिकायला याहून चांगली फ्लाय नाही, कारण चूक झाली की लगेच डोळ्यांना दिसते.

ट्यूब बांधायची खास पिन मिळते. ती नसेल तर गोणी शिवायचा दाभण व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, घट्ट पकडावा. दाभण टोकाकडे निमुळता असतो, त्यामुळे नळी त्यावर ढकलत नेली की एका जागी अडकते. ती घट्ट अडकायलाच हवी. धागा आवळताना नळी दाभणावर गरकन फिरणं ही नवशिक्यांची पहिली डोकेदुखी, आणि कारण फक्त एवढंच की नळी पुरेशी रेटलेली नसते.

चाळीस मिलिमीटर नळी कापावी. कापताना ब्लेड सरळ दाबू नये, नळी ब्लेडखाली फिरवत कापावी, म्हणजे तोंड चपटं होत नाही. पुढच्या टोकाला लायटरची ज्योत बाजूने जवळ न्यावी, टेकवू नये. दाभण आत असू द्यावा. दोन सेकंदांत प्लास्टिक मऊ होऊन मागे वळतं आणि बारीक काठ तयार होतो. पुढे डोक्याचा धागा या काठाला अडून राहतो. दाभण काढून हे केलं की भोक वितळून बुजतं आणि नळी वाया जाते.

आता नळीवर बारीक काचपेपर एकदा फिरवावा. गुळगुळीत प्लास्टिकवर धाग्याला पकड मिळत नाही. केस बांधून झाल्यावर सगळं डोकं बांगडीसारखं गोल फिरायला लागतं, ते या आळसामुळे. काळा धागा काठापासून मागे जोडनळीची पाच मिलिमीटर जागा सोडून नेऊन आणावा. काळा फ्लॉस, म्हणजे मऊ रेशमी धागा, एकसारखा गुंडाळावा आणि त्यावर अंडाकृती सोनेरी तारेचे पाच-सहा वेढे समान अंतराने द्यावेत. अंग डोक्याच्या चार मिलिमीटर आधीच थांबलं पाहिजे. इथे जागा कमी ठेवली तर केस अंगाच्या उंचवट्यावर बांधले जातात आणि छत्रीसारखे उघडतात.

केस हरणाच्या शेपटीचे. शेपटीच्या बुंध्याकडचे केस आतून जास्त पोकळ असतात, धागा आवळला की ते फिसकारतात. म्हणून टोकाकडचे दोन तृतीयांश केस घ्यावेत. तिन्ही रंग सारख्या प्रमाणात घेऊन बोटांनी एकत्र मिसळावेत, मधली लोकर उपटून टाकावी. काडेपेटीतल्या काडीच्या निम्म्या जाडीचे चार झुपके करावेत. एक झुपका वर बांधायचा, नळी पाव फेरा फिरवायची, दुसरा बांधायचा, असे चारही. केसांची टोकं नळीच्या मागे बारा ते पंधरा मिलिमीटर गेली पाहिजेत, गळाच्या वळणापर्यंत. त्याहून लांब ठेवले तर मऊ केस फेकीत गळाभोवती गुंडाळतात.

प्रत्येक झुपका बांधल्यावर मुळाशी झटपट गोंदाचा एक बारीक थेंब द्यावा. फेविक्विकच्या नळीतून थेट सोडू नये, सुईच्या टोकावर घेऊन लावावा. तो केसांत पाझरला की अर्धी फ्लाय काडीसारखी ताठ होते. केसांची मुळं तिरकी कापावीत, म्हणजे डोकं निमुळतं बसतं. धाग्याने डोकं झाकावं, वार्निशचे दोन हात द्यावेत, आणि पहिला हात वाळेपर्यंत दुसरा देऊ नये.

आता दाभणावरून नळी काढून तिच्यातून लीडरचा तुकडा ओवून पाहावा. अडला तर आत गोंद शिरलाय. मग फ्लाय बादलीत बुडवून ओढावी. ओले केस मिटून पाण्याच्या थेंबासारखा आकार यायला हवा, आणि केसांच्या आडून सोनेरी तार लुकलुकताना दिसायला हवी. तार दिसत नसेल तर केस जास्त झाले. जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या फ्लायला केस जास्तच होतात. दुकानातल्या भरगच्च फ्लाय माणसांना आवडतात, पण पाण्यात त्यांचा ब्रश होतो.

पाण्यात

स्कॉटलंडच्या टे नदीचा हंगाम १५ जानेवारीला उघडतो, स्पे नदीचा ११ फेब्रुवारीला. तेव्हा पाणी दोन ते पाच अंशांवर असतं. सॅमन गोड्या पाण्यात खात नाही, त्यामुळे भुकेने तो फ्लायमागे येणार नाही. थंडीत तो फार हलतही नाही, म्हणून फ्लाय त्याच्या नाकासमोरून हळू न्यावी लागते. या दिवसांत दोन ते तीन इंची ट्यूब आणि बुडणारी लाइन. सहा ते नऊ अंशांवर दीड इंच ते एक इंच. पाणी दहाच्या वर गेलं की तरंगती लाइन, नऊ ते बारा फुटांचा लीडर आणि इंचभर किंवा त्याहून लहान फ्लाय. खिशातला थर्मामीटर पेटीतल्या पन्नास फ्लायइतकाच उपयोगी आहे.

फेक प्रवाहाच्या खाली, साधारण पंचेचाळीस अंशांत. लाइन पडताच तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवावा, नाहीतर प्रवाह तिला कमानीसारखं वाकवतो आणि फ्लाय चाबकाच्या टोकासारखी पळते. मग रॉड फ्लायच्या दिशेने धरून काहीही न करता तिला काठापर्यंत झुलू द्यावं. काठाशी आली की लगेच उचलू नये, पाचपर्यंत मोजावं. मागे मागे आलेला मासा बरेचदा तिथेच निर्णय घेतो. मग दोन पावलं खाली आणि पुढची फेक.

फेकीबद्दल एक सावधगिरी मनापासून सांगतो. जड ट्यूब डोक्यावरून पुढे-मागे फेकू नये. ती मागच्या फेकीत खाली पडते, पुढे येताना रॉडवर आपटते आणि रॉडच्या कार्बनला न दिसणारी चीर जाते. रॉड मग महिन्याभराने, मासा लागल्यावर, त्याच जागी मोडतो. दोन हातांच्या तेरा ते पंधरा फुटी रॉडने, आखूड जाड लाइनने, पाण्याचा आधार घेऊन संथ लयीत टाकावी. डोळ्यांवर चश्मा आणि डोक्यावर टोपी, यात तडजोड नको.

मासा घेतो तेव्हा बोटांखालची लाइन अचानक जड होते आणि मग सरकू लागते. हातातून लाइन जाऊ द्यावी. सॅमन फ्लाय तोंडात धरून वळतो, आणि त्या वळण्यातच गळ जबड्याच्या कोनात सरकून बसतो. झटका दिला की तो वळायच्या आधीच तोंडातून निघून येतो. लाइन ताठ झाली, वजन जाणवलं, मग रॉड उचलायचा.

उन्हाळ्यात हा संथपणाचा नियम एक फ्लाय खुशाल मोडते, ती सनरे शॅडो. रे ब्रुक्स यांची ही फ्लाय: इंच-दीड इंचाची साधी प्लास्टिकची नळी, खाली थोडे पांढरे केस, वर चार-पाच इंच लांब काळे केस, अंगाला काहीच नाही. ती प्रवाहाला जवळपास काटकोनात टाकून दोन्ही हातांनी भराभर ओढतात. केस गळाच्या खूप मागे जातात, तरी मासा चुकत नाही, कारण तो डोक्यावर झडप घालतो. लांब केस मात्र गुंततात, दर चार-पाच फेकींनी एकदा पाहून घ्यावं.

आणि पाणी उतरलं, ऊन पडलं की आइसलंडची रीत. अर्ध्या इंचाच्या बारीक प्लास्टिक नळीला पुढच्या टोकाजवळ तापलेल्या सुईने बाजूला भोक पाडायचं आणि लीडर तोंडाऐवजी त्या भोकातून आत घालायचा. फ्लाय आडवी ओढली जाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ काढत जाते. रेघ तुटली तर फ्लाय बुडतेय, रॉड थोडा वर घ्यावा. पाणी उडायला लागलं तर वेग जास्त झाला. भोक नदीच्या ज्या काठावर आपण उभे आहोत त्या बाजूला हवं, म्हणून डाव्या आणि उजव्या काठासाठी वेगवेगळ्या नळ्या ठेवतात.

मासा सोडून झाल्यावर नळी लीडरवरून खाली आणण्याआधी लीडरची शेवटची वीतभर दोरी दोन बोटांच्या नखांमधून ओढून पाहावी. नळी वर-खाली सरकून तिथेच घासलेली असते. किंचित खरखर लागली तरी तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारावी.

घरी आल्यावर गळ आणि नळ्या वेगळ्या कराव्यात. ओला गळ जोडनळीत तसाच राहिला की डोळ्यापाशी, म्हणजे नेमका न दिसणाऱ्या जागी, गंजतो. गळ पुसून कोरड्या डबीत ठेवावेत. नळीच्या पोटात मात्र पाण्याचा एक थेंब अडकून राहतो, वरचे केस वाळले तरी तो वाळत नाही, आणि बंद पेटीत दोन आठवड्यांत सोनेरी तार काळी पडते. म्हणून प्रत्येक नळी ओठांशी धरून एक फुंकर मारावी, थेंब उडालेला दिसला की फ्लाय रात्रभर उघड्यावर ठेवावी, आणि सकाळी पेटीत.